थडग्यात तुमच्या आधी कोण येऊन गेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इजिप्तमधल्या एका अज्ञात फेरोच्या थडग्यावर साहसकादंबरी लिहायला घेतली आहे, नायक पुण्याचा तरुण पुरातत्त्वज्ञ आहे आणि पहिली तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. त्यांत भिंतीतून सुटणारे बाण आहेत, दारावर कोरलेला शाप आहे आणि चित्रलिपी घडाघडा वाचणारी नायिका आहे. मित्रांचं मत पडलं की वेग आहे, पण खरं वाटत नाही. ते खरं वाटावं म्हणून काय करावं, आणि मराठी माणूस तिथे ओढूनताणून आणल्यासारखा दिसेल का?

माझी बाजू आधी सांगतो. मी सत्तावीस वर्षं उत्खननात काढली, बहुतेक गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर. इजिप्तला दोनदा गेलो ते पाहायला, तिथे कुदळ धरलेली नाही. निवृत्तीनंतर कुमारांसाठी साहसकथा लिहितो आणि इतरांची हस्तलिखितं वाचतो. या हस्तलिखितांत मला एकच उणीव वारंवार दिसते. पात्रं थडग्यात शिरतात आणि विचारतात, "इथे काय असेल?" खोदणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न वेगळाच पडतो: माझ्या आधी इथे कोण येऊन गेलं? हा प्रश्न तुमच्या नायकाच्या तोंडी घाला, निम्मं काम तिथेच होईल.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हाताला जाणवतो. एका टेकाडावर आम्हाला ताम्रपाषाणयुगीन घराची चोपलेली जमीन नीट लागली होती. मधेच हातभर जागा खुरप्याला मऊ लागली. आजूबाजूची जमीन टणक आणि फिकट, इथली माती भुसभुशीत आणि किंचित काळसर. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त त्या खड्ड्याची कड शोधत होतो, ब्रशने, अधूनमधून पाण्याचा हलका शिपका मारून. तळाशी हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात कोणीतरी अगदी अलीकडे उतरलं होतं. गावातले लोक भिंती सारवायला पांढरी माती नेतात, तसाच तो खड्डा असणार. सोनंनाणं काही मिळालं नाही, पण तो तुकडा तळहातावर घेतल्यावर अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. वाचकाच्या अंगावर तोच काटा यायला हवा.

आता तुतनखामनचंच थडगं घ्या. ते "अस्पर्श" सापडलं असं आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात प्राचीन काळीच चोर त्यात दोनदा शिरले होते. पहिल्या चोरीनंतर नेक्रोपोलिसच्या, म्हणजे दफनभूमीच्या, अधिकाऱ्यांनी आतला बोळ दगडमातीने भरून टाकला, तर दुसऱ्या वेळी चोरांनी त्या भरावातूनच वरच्या कोपऱ्यात भुयार काढलं. थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला दाराच्या गिलाव्यावर हे सगळं वाचता आलं: फोडून पुन्हा बंद केलेला भाग आणि त्यावर वेगळे शिक्के. आतल्या पेट्यांवर मालाची यादी शाईने लिहिलेली होती, पेटीत मात्र भलतंच काहीतरी घाईघाईने कोंबलेलं. अलाबास्टरच्या बरण्यांतलं किमती तेल आणि मलम चोरांनी उपसून नेलं होतं आणि एका बरणीच्या आत बोटांचे ओरखडे तसेच राहिले होते. सोन्याच्या जाड अंगठ्यांची एक पुरचुंडी कापडात बांधलेल्या अवस्थेत सापडली. चोर पकडला गेला म्हणा किंवा दचकून पळाला म्हणा, गाठ मारलेली पुरचुंडी मागे राहिली. तेल का नेलं, याचाही विचार करा. सोनं वितळवावं लागतं, त्याचा माग निघू शकतो. तेल बाजारात लगेच खपतं आणि त्यावर कोणाचं नाव नसतं. एका बरणीवरून चोराचं सगळं आयुष्य उभं राहतं. भिंतीतून सुटणाऱ्या बाणामागे असा माणूस नसतो.

गतीबद्दलही याच थडग्याकडून शिका. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्टर शिक्के मारलेल्या दारापाशी पोहोचला होता. मग त्याने काय केलं? जिना पुन्हा भरून टाकला, इंग्लंडला, खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनला, तार केली आणि वाट पाहत बसला. आतल्या दुसऱ्या दाराला भोक पाडून, विषारी वायू आहे का हे मेणबत्ती धरून तपासून त्याने आत डोकावलं ते २६ नोव्हेंबरला. तीन आठवडे तो माणूस त्या बुजवलेल्या जिन्याच्या आसपास वावरत होता. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात नायक दार सापडल्यापासून चार मिनिटांत आत आहे. त्याला थांबवा, त्याची झोप उडवा. गावात बातमी फुटू द्या, पहारेकऱ्याच्या नजरेत काहीतरी बदललेलं दिसू द्या.

तुमच्या कादंबरीला खलनायक हवा आहे, आणि तो इजिप्तने आयता लिहून ठेवला आहे. रामसेस नवव्याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. १११० मध्ये, थीब्जमध्ये, म्हणजे आजच्या लक्सरला, थडगी फोडल्याची मोठी चौकशी झाली. तिचे कागद, म्हणजे पपायरसच्या गुंडाळ्या, आजही आहेत. त्यांतल्या एका जबानीत आमेनपानुफर नावाचा पाथरवट सांगतो की आम्ही आठ जण होतो, तांब्याच्या हत्यारांनी राजा सोबेकेमसाफच्या पिरॅमिडमध्ये भुयार खणलं, मशाली घेऊन खाली उतरलो, राजा आणि शेजारी राणी नुबखाएस निजलेली सापडली. अंगावरचं सोनं, ताईत, दागिने काढले आणि शवपेट्यांना आग लावली. वाटणी झाली १६० देबेन सोन्याची, माणशी २०. एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम, तेव्हा एकूण साडेचौदा किलो सोनं. टोळीत कोण होतं? पाथरवट, शेतकरी, पाणक्या. ज्यांचे हात रोज दगडाला आणि मातीला लागलेले, ज्यांना दगड कुठे फुटतो हे ठाऊक, अशी गावातलीच माणसं.

पुढचा भाग तर कोणत्याही कादंबरीकाराने उचलावा असा आहे. आमेनपानुफर पकडला गेला. त्याने आपल्या वाट्याचे वीस देबेन नदीघाटाच्या भागातल्या लेखनिकाला दिले आणि सुटला. साथीदारांकडे परतला, त्यांनी आपापल्या वाट्यातून त्याचं नुकसान भरून दिलं आणि चोऱ्या पुढे चालू राहिल्या. त्याच वेळी वर राजकारण शिजत होतं. पूर्व थीब्जचा नगरप्रमुख पासेर याने पश्चिम किनाऱ्यावरच्या थडग्यांत चोऱ्या होत असल्याचं वर कळवलं. पश्चिमेचा प्रमुख पावेरा याच्यावर ते थेट बालंट होतं. पाहणीसाठी समिती गेली, दहा राजांची थडगी तपासली, नऊ शाबूत, एक फोडलेलं. लगेच पश्चिमेच्या कामगारांचा जमाव विजयाच्या आरोळ्या देत पासेरच्या घरापर्यंत गेला. चोरी तर झाली होती, तरी तक्रार करणाराच तोंडावर पडला. आणि या जबानीच्या कागदाचं नशीब पाहा. तो मधोमध दोन तुकडे होऊन वेगळा झाला. खालचा अर्धा इंग्लंडमधल्या एका खासगी संग्रहात गेला, वरचा अर्धा १९३५ मध्ये झाँ कापार यांना ब्रुसेल्समध्ये एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत गुंडाळून ठेवलेला मिळाला. तुमचा नायक नकाशाच्या मागे धावतो आहे. त्याऐवजी त्याच्या हाती अर्धी जबानी द्या, जिच्यात चोराने थडग्याची जागा सांगायला सुरुवात केली आहे आणि ओळ तिथेच फाटली आहे.

हाच प्रश्न १८८१ च्या प्रकरणाला लावा. देर अल-बहरीजवळच्या कड्यात एका खोल उभ्या विहिरीच्या तळाशी रामसेस दुसरा, सेती पहिला, थुतमोस तिसरा असे एकाहून एक फेरो एकत्र रचून ठेवलेले सापडले. आधी चोर आले, मग पुजारी. त्यांनी उघड्या पडलेल्या राजांना पुन्हा गुंडाळलं, कापडावर शाईने नोंदी केल्या आणि गुपचूप इथे आणून ठेवलं, आणि उरलंसुरलं सोनंही बहुधा त्यांनीच काढून घेतलं. मग तीन हजार वर्षांनी कुर्ना गावचे अब्द अल-रसूल बंधू उतरले आणि दहा वर्षं थोडं थोडं विकत राहिले. बाजारात राजांच्या वस्तू दिसू लागल्या, चौकशी झाली, मारहाण झाली, भावाभावांत फाटलं आणि एकाने जागा दाखवली. पुरावस्तू खात्याचा एमिल ब्रुग्श आत गेला तो सगळ्यांच्या शेवटी. त्याच राजांपर्यंत चार वेळा माणसं पोहोचली आणि चारही वेळा हेतू वेगळा होता.

सापळ्यांकडे येतो, कारण तुम्ही त्यांवर अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. सुटणारे बाण, फिरणाऱ्या भिंती, विषाच्या सुया यांतलं काही तिथे सापडलेलं नाही. पण म्हणून युक्त्या नव्हत्या असं समजू नका. हवारा इथला आमेनेमहात तिसऱ्याचा पिरॅमिड नीट अभ्यासा. बाहेरून कच्च्या विटांचा, आत मात्र चकवे: कुठेही न जाणारे बोळ, छतात लपवलेली वाट, ती बंद करायला सरकवायचे अवजड दगड. शवकक्ष क्वार्टझाइटच्या एकाच अखंड दगडात कोरलेला, आणि इंग्रज उत्खननकार फ्लिंडर्स पीट्रीने त्याचं वजन सुमारे ११० टन काढलं. छताची शिळा आधी उंचावर टेकूंवर धरलेली असे आणि टेकू वाळूवर उभे असत. दफन झाल्यावर बाजूच्या बोळातून वाळू हळूहळू काढून घेतली की टेकू खचत आणि शिळा आपोआप खाली बसून खोली कायमची बंद होई. दोर नाही, चाक नाही, फक्त वाळू. हे दृश्य लिहा: अंधारात वाळूचा सळसळ आवाज आणि वरून बोटाबोटाने उतरणारं छत.

तरीही चोर आत गेले होते. १८८९ मध्ये पीट्री विटांमधून वाट काढून तिथे पोहोचला तेव्हा खोलीला चोरांचं भोक होतं आणि आत भूजल भरलेलं होतं. त्याला चिखलपाण्यातून वाट काढावी लागली. खरे धोके असेच असतात: कोंदट हवा, सुटलेला दगड, विंचू, वटवाघळांच्या विष्ठेचा दर्प, आणि वाळवंटात क्वचित पण अचानक येणारा पूर. थीब्जजवळच्या राजांच्या दरीत, जिथे फेरोंची थडगी आहेत, पुराने आणलेला गाळ सिमेंटसारखा घट्ट होतो. रामसेस दुसऱ्याच्या मुलांचं थडगं त्याच गाळाने भरलेलं होतं. त्याचं तोंड एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं, पण क्षुल्लक म्हणून सोडून दिलं गेलं. १९९५ मध्ये केंट वीक्स यांच्या चमूला मागचा बोळ लागला आणि शंभरावर खोल्या उघड झाल्या.

शापाबद्दल तुम्हाला थोडं दुखवावं लागेल. तुतनखामनच्या दारावर शाप कोरलेला नव्हता. कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत गेले ते डास चावलेली जागा दाढी करताना कापली, त्यातून रक्तदोष आणि मग न्यूमोनिया झाला म्हणून. बातमीचे हक्क त्यांनी एकाच लंडनच्या वृत्तपत्राला विकले होते. बाकीच्या बातमीदारांना थडग्यात प्रवेश नाही, मग त्यांनी शाप छापला. २००२ मध्ये तिथे हजर असलेल्या २५ पाश्चात्त्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात शापाचा मागमूस नव्हता.

मात्र इजिप्तमध्ये शाप मुळीच नव्हते असंही नाही. गिझाच्या जुन्या मस्तब्यांत (सपाट माथ्याच्या थडग्यांत), मेनी नावाच्या माणसाच्या थडग्यात, माझ्या थडग्याला जो धक्का लावील त्याच्यावर पाण्यात मगर आणि जमिनीवर साप येवो अशा अर्थाचा मजकूर आहे. मराठी वाचकाला हे समजावण्यासाठी तुमच्या हाताशी उत्तम साधन आहे: आपला गधेगळ, म्हणजे गाढवाचं चित्र कोरलेला शापाचा दगड. शिलाहारांच्या दानलेखाखाली जी शिवी कोरलेली असते ती काही जादूटोणा म्हणून नसते. जिथे राजाचा शिपाई चोवीस तास उभा राहू शकत नाही, तिथे लोकलज्जा आणि भय पहाऱ्याला बसवलेलं असतं. मेनीच्या भिंतीवरचा मजकूर तेच काम करतो. तुमच्या पुण्याच्या नायकाने कोकणात गधेगळ पाहिलेला असेल, तर त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर त्याला तो आठवेलच. तिथे मराठीपण आपोआप येईल, धोतर-फेटा नेसवावा लागणार नाही.

लिपीचंही तसंच. तुमची नायिका विजेरी मारते आणि भिंत वाचते. फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनी १८२२ मध्ये या लिपीची किल्ली शोधली, पण किल्ली हाती आली म्हणून वर्तमानपत्रासारखं वाचन होत नाही. आधी दिशा ठरवावी लागते: माणसं आणि पक्षी ज्या बाजूला तोंड करून आहेत त्या बाजूने वाचायला सुरुवात. स्वर लिहिलेले नसतात. राजाचं नाव लंबगोल चौकटीत असतं, ते आधी सापडतं आणि बाकीची ओळ त्याच्या आधाराने लागते. आणि चोर, कारकून, कामगार यांचं लिखाण चित्रलिपीत नसून हायरॅटिक या शाईच्या वळणदार लिपीत असतं. दगडावर देवनागरी आणि कागदावर मोडी, हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मंदिराच्या भिंतीवरचा लेख वाचणाऱ्याला मोडी दप्तर येईलच असं नाही. नायिकेला चित्रलिपी येऊ द्या आणि फाटलेल्या जबानीसमोर अडू द्या. मग हायरॅटिक जाणणारा दुसरा माणूस शोधावा लागेल, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागेल, आणि कथेला वळण मिळेल.

थडगी खोदणाऱ्या कामगारांचं गाव, देर अल-मदिना, याकडे दुर्लक्ष करू नका. तिथल्या दगडी कपच्यांवर आणि खापरांवर रोजचा हिशोब आहे: किती वाती दिल्या, तांब्याच्या छिन्न्या किती वजनाच्या परत आल्या. रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं त्यात लिहिली आहेत, विंचू चावला, बिअर गाळायची होती, अशी. रामसेस तिसऱ्याच्या काळात धान्य वेळेवर न मिळाल्याने याच लोकांनी काम बंद ठेवलं. राजाचं गुपित साऱ्या गावाला तोंडपाठ आणि घरात धान्य नाही, चोरी इथेच जन्मते.

आधुनिक काळाचं एका परिच्छेदात उरकतो. नायक काही खिशात घालून विमानात बसू शकत नाही. १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद आहे आणि प्रत्येक परदेशी चमूबरोबर सरकारी निरीक्षक असतो. हा निरीक्षक तुमच्या कथेत नाही, तो आणा. आणि मजुरांना नावं द्या. कुफ्त गावचे कुशल खोदकामगार पीट्रीच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात, त्यांच्या मुकादमाला रईस म्हणतात. माती बदलल्याचं साहेबाच्या आधी त्यांच्या हाताला कळतं. कार्टरचा रईस अहमद गेरिगर होता. आमच्या खंदकावरही थर बदललेला पहिल्यांदा बहुतेक वेळा एखाद्या मावशींनाच कळायचा. घमेलं खाली ठेवून त्या म्हणायच्या, "साहेब, माती निराळी लागतीया." तुमच्या तीन प्रकरणांत मजूर फक्त घाबरून पळतात. हे मला खरोखर लागलं.

आता मराठी माणूस. पुण्याचा नायक ठेवा, हरकत नाही. पण तुम्हाला दुसरा एक धागा सुचवतो, तो खराखुरा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांतून जहाजं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला येत. त्या काळच्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. कल्याणचं बंदर अडवलेलं असून तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असंही त्यात लिहिलं आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक, दात्यांची नावं तुम्ही पाहिली असतील. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. उलट बाजूला बेरेनिकेत सागवान निघालं, देवळाच्या आवारात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली आणि २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्तीही निघाली.

तेव्हा एक समांतर कथा रचा. कल्याणच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बंदर अडल्यामुळे घर बुडालेलं, भडोचहून जहाजात चढतो. बेरेनिकेला उतरतो. तिथून उंटांच्या तांड्याबरोबर बारा दिवस, उन्हामुळे बहुतेक रात्रीचंच चालून, नाईलकाठच्या कोप्टोसला पोहोचतो. हे आजचं कुफ्त, त्याच मुकादमांचं गाव. थीब्ज तिथून सुमारे चाळीस किलोमीटर. त्या काळी राजांच्या दरीतली काही थडगी उघडी होती आणि रोमन साम्राज्यातले प्रवासी ती पाहायला येत. एकट्या रामसेस सहाव्याच्या थडग्यात त्यांनी भिंतींवर खरवडलेल्या ग्रीक-लॅटिन नोंदी हजाराच्या आसपास आहेत. मी तिथे उभा होतो तेव्हा चित्रांपेक्षा त्या नोंदींकडेच जास्त वेळ पाहत राहिलो.

तुमचा मुलगा तिथे येतो. इतरांचं पाहून तोही टोकदार दगड उचलतो आणि आपल्या ब्राह्मी अक्षरांत नाव खरवडतो. बाहेर येऊन उंबऱ्याखालच्या उतारावर सावलीत बसतो, मशकातलं पाणी पितो. त्या उताराखाली, जुन्या कामगारांच्या पडक्या झोपड्यांखाली, सोळा पायऱ्या आहेत आणि शिक्के मारलेलं दार आहे. पुढची साडेअठराशे वर्षं ते कोणालाही दिसणार नाही. पहिलं प्रकरण तिथून सुरू करून पाहा, आणि जमलं तर पाठवा, मी वाचेन.